संडासाचं काय ठरलं?

फरशीचे सोळा नमुने पाठवलेस. ओट्याला दगड कुठला, झोपाळा कुठे टांगायचा, सगळं विचारलंस. संडासाचं काय ठरलं म्हटलं, की "सर, बघू. गवंडी म्हणतोय सेप्टिक टँक टाकू." गवंडी म्हणतोय! इंजिनिअरिंगची पदवी गवंड्याने घेतली होती की तू? ताकाला जाऊन भांडं लपवायची ही खोड कधी सुटणार तुझी?

कोकणातली ही जागा तूच निवडलीस ना? नळ नाही, वीज नाही, गटार नाही, म्हणूनच भाळलास. मग आता शहरातला कमोड कशाला? एकदा खटका दाबला की सहा ते दहा लिटर पाणी खलास. मे महिन्यात ते पोहऱ्याने ओढणार कोण? पाहुणे? आणि टाकीत मैला नाहीसा होतो, असं वाटतं तुला? नाही वाटत. पक्कं माहीत आहे तुला, खाली गाळ साठतो आणि बाहेर येणारं पाणीही घाणच असतं. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायची वेळ आली, की टँकर काय पाखाडीच्या पायऱ्या चढून येणार?

"मग दोन शोषखड्डे करू." पद्धत सोन्यासारखी आहे, वाद नाही. उताराचं भांडं, दोन लिटर पाणी, एक खड्डा साधारण तीन वर्षं. तो भरला की दुसरा सुरू, आणि पहिल्याची दीड-दोन वर्षांत माती. पण कधी? जमिनीतलं पाणी खड्ड्याच्या तळापासून निदान दोन मीटर खाली असेल तर! ऑगस्टात तुझ्या विहिरीच्या काठावरून नुसता वाकून मी तांब्या बुडवला होता. तू शेजारी उभा राहून फोटो काढत होतास. त्या फोटोत पाणी दिसलं नाही तुला? आणि खड्ड्याची खुंटी कुठे ठोकली आहे? विहिरीच्या वरच्या अंगाला, बारा पावलांवर. खाली जांभा, म्हणजे चाळणीच. स्वतःचंच पिणार आहेस का रे?

जमिनीच्या वर दोन कप्प्यांचा कोरडा संडास बांध. तळाला पक्का कोबा. लघवी आणि धुण्याचं पाणी वेगळ्या वाटेने खालच्या अंगाच्या केळींना, विहिरीपासून लांब. दर वेळी वरून ओंजळभर राख, तूस नाहीतर सुका पातेरा. एक कप्पा भरला की तो बंद, दुसरा चालू. वास? ओलं आणि कोरडं वेगळं ठेवलंस तर येणार नाही. आळस केलास तर येईल, आणि तो आळसाचा असेल.

किळस वाटते म्हणे. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरीत मैल्याचं सोनखत करून दाखवलं, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. तुला तर फक्त राख टाकायची आहे.

रविवारी जा आणि आधी ती खुंटी उपट. मग फोन कर. फरशीचा सतरावा नमुना पाठवलास, तर मी उचलणार नाही.