बिनहुद्द्याची कारकीर्द

मनुष्याच्या कर्तबगारीचा हिशेब मांडताना त्याच्या हातून काय घडले एवढेच आपण बहुधा पाहतो. परंतु असेही काही व्यवसाय आहेत की ज्यांत ऐन प्रसंगी कर्त्याच्या हातून काहीच घडावयाचे नसते. बास्केटबॉलच्या प्रशिक्षिकेचा व्यवसाय त्यांपैकी एक होय. 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद अशा क्रीडांगणावर दहा-दहा मिनिटांचे चार डाव चालतात, पाच मुली खेळतात, सात बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहतात. आणि जिने या बाराही जणींना घडविले तिला मात्र नियमपुस्तकाने बाकालगत आखून दिलेल्या चौकटीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नसते. पूर्वार्धात दोनदा आणि उत्तरार्धात तीनदा, एकेका मिनिटाचा ‘टाइम आउट’ घेऊन तिने काय सांगावयाचे ते सांगावे. एरवी वर्षभर जे शिकविले ते मुलींच्या अंगी मुरले आहे की नाही हे निमूटपणे पाहत राहावे. कर्तृत्व एकीचे आणि कृती दुसरीची अशी ही विलक्षण वाटणी आहे, आणि म्हणूनच अशा व्यक्तीची कारकीर्द कशावरून ओळखावी हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

भंडारा जिल्ह्यात उभे राहून हा प्रश्न विचारला म्हणजे तो आणखी अवघड होतो. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला, धानाचा आणि तलावांचा, पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, आणि 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर सात तालुक्यांपुरता उरलेला हा जिल्हा. येथील महाविद्यालये 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. अमेरिकेतील विद्यापीठांत ज्याला महिला संघाचा ‘हेड कोच’ म्हणतात, तो हुद्दा या महाविद्यालयांच्या आस्थापनेत मुळी नाहीच. जो आहे तो शारीरिक शिक्षण संचालकाचा. नाव भारदस्त, परंतु या संचालकाने संचालन करावे असा दुसरा मनुष्य त्याच्या खात्यात सहसा नसतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, बुद्धिबळ हे सारे त्या एकाच माणसाच्या गळ्यात. शिवाय प्रजासत्ताक दिनाचे संचलन, प्रवेश समिती, परीक्षेची देखरेख आणि ‘नॅक’ मूल्यांकनाची फाईल हीही कामे त्याच्याच वाट्याची. या सगळ्यातून जो वेळ शिलकीत पडेल त्यात मुलींचे बास्केटबॉल. कित्येक ठिकाणी तर ती जागाही वर्षानुवर्षे रिक्त असते, आणि तासिका तत्त्वावर आलेला कोणी उमेदवार पुढल्या वर्षी आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसताना तीन वर्षांच्या संघाचा मनसुबा रचीत असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने या पदासाठी घालून दिलेल्या अटींत एक अट मोठी बोलकी आहे. पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा आणि खेळाडू म्हणून केलेले प्रतिनिधित्व यांबरोबरच शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या स्त्री-उमेदवाराने 8 मिनिटांत 1000 मीटर अंतर धावत वा चालत काटले पाहिजे. अट रास्तच आहे, कारण ज्याने दुसऱ्याला धावावयास लावावयाचे त्याला स्वतःला धावता आले पाहिजे. परंतु नेमणुकीच्या दिवशी तिच्या पायांतील बळ इतक्या काटेकोरपणे मोजणारी व्यवस्था, पुढील तीस वर्षांत तिने किती मुलींच्या पायांत बळ आणले हे मोजताना तितकी काटेकोर राहत नाही. संघ कोठे उतरला आणि कितवा आला एवढी नोंद दफ्तरी होते. संघ उतरला कसा, याला रकाना नाही.

आणि खरे काम तर त्या ‘कसा’मध्येच आहे. महाविद्यालयाचे सत्र सुरू होऊन चार आठवडे होतात न होतात तोच रोवणीचे दिवस येतात, आणि जिच्या उंचीवर प्रशिक्षिकेची नजर गेलेली असते ती मुलगी पंधरा दिवस बांधीत वाकलेली असते. ती परत येते तेव्हा उघड्या सिमेंटच्या मैदानावर पावसाचे पाणी साचलेले असते, ते खराट्याने लोटून मग सराव. कबड्डी तिच्या रक्तात असते. येथे मात्र कोणाला धरावयाचे नाही, कोणाला ढकलावयाचे नाही, आणि धावत असताना चेंडू हाती आला की दोन पावलांत त्याचा निकाल लावावयाचा, ही शिस्त तिच्या शरीराला सर्वस्वी परकी. ‘ले-अप’, म्हणजे धावत येऊन उडी घेत चेंडू रिंगेत टाकणे, शिकविताना प्रशिक्षिका प्रथम चेंडू देतच नाही. खडूने जमिनीवर दोन खुणा करते. उजवे पाऊल येथे, डावे येथे, आणि मग वर. मुलगी तिसरे पाऊल टाकते. पुन्हा. पुन्हा तिसरे पाऊल पडते. असे आठवडाभर चालल्यावर एके सायंकाळी पाय आपण होऊन दुसऱ्या खुणेवरून उचलला जातो, आणि तेव्हा कोठे चेंडू तिच्या हाती येतो. तोही कित्येकदा मुलांच्या संघाचा सात नंबरचा असतो. मुलींनी खेळावयाचा सहा नंबरचा चेंडू खरेदीच्या मंजुरीत अडकलेला असतो.

पायांची समजूत पटली तरी घराची पटावयाची राहते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नागपुरास. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. परंतु मुलगी लाखांदूरच्या किंवा तुमसरच्या बाजूच्या एखाद्या खेड्यातली असली म्हणजे शेवटची एस. टी. आणि सामन्याची वेळ यांचा मेळ बसत नाही. “नागपूरले गेली त येईल कवा?” या बापाच्या प्रश्नाला क्रीडाशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात उत्तर नाही. ते उत्तर प्रशिक्षिकेला स्वतः त्याच्या ओसरीवर जाऊन, चहा घेऊन, आपल्या शब्दावर द्यावे लागते. संचालकाच्या खुर्चीवर पुरुष असेल, आणि पुष्कळ ठिकाणी तो असतोच, तर मुलींच्या सोबतीला मराठीच्या वा गृहअर्थशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापिकेला ‘मॅनेजर’ म्हणून धाडण्यात येते, आणि पुष्कळदा संघाची खरी धुरा त्या बाईंच्याच खांद्यावर पडते. मग तिसरे वर्ष संपते. कोणी पोलीस भरतीकडे वळते, कोणी खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत राखलेल्या पाच टक्के जागांच्या आशेने प्रमाणपत्रे जुळवू लागते, कोणाचे लग्न होते. धानाचे पऱ्हे एका बांधीत वाढावे आणि पीक दुसऱ्या बांधीत उभे राहावे, तसा हा प्रकार. जिने पऱ्हे जोपासले तिच्या बांधीत पुढल्या मृगापर्यंत केवळ चिखल.

या स्थितीविषयी विषाद मानण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी की, स्त्रियांच्या बास्केटबॉलचा आरंभ सर्वत्र असाच झालेला आहे. डिसेंबर 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ निर्माण केला, आणि पुढल्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींस शिकविला. क्रीडांगणाचे तीन भाग पाडावेत, दुसरीच्या हातून चेंडू हिसकावू नये, तीन सेकंदांहून अधिक काळ तो हाती ठेवू नये, असे तिने घातलेले नियम आज आपल्याला भित्रे वाटतील. परंतु मुलींनी धापा टाकाव्यात हेच ज्या समाजाला अशिष्ट वाटत होते, त्या समाजाकडून खेळण्याची परवानगी मिळविण्यासाठी दिलेली ती किंमत होती. मद्रास येथे हॅरी बक यांनी 1920 मध्ये वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापिले आणि तेथून पांगलेल्या शिक्षकांबरोबर असे अनेक खेळ आपल्याकडे रुजले. त्यांच्याबरोबर ही परवानगीची अडचणही आली. बेरेन्सनबाईंनी नियमांत जी तडजोड केली तीच आमची प्रशिक्षिका बापाच्या ओसरीवर करीत असते.

या आरंभापासून एक कारकीर्द कोठवर जाऊ शकते याचा दाखला पॅट समिट यांचा. टेनेसीतील शेतकरी कुटुंबातली ही मुलगी; गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता म्हणून बापाने बिऱ्हाड शेजारच्या परगण्यात हलविले, आणि ही हकीकत ऐकून लाखांदूरकडचा बाप अचंबित होईल की ओशाळेल हे सांगणे कठीण. 1974 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रमुख प्रशिक्षिका झाल्या. दरमहा मुशाहिरा 250 डॉलर. खेळाडूंचे गणवेश त्या स्वतः धूत आणि संघाची गाडी स्वतः हाकीत. तेथून 38 हंगामांत 1098 विजय आणि आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे. आणि माझ्या मते याहून थोर गोष्ट ही की, ज्या मुलींनी त्यांच्याकडे खेळण्याची आपली मुदत पुरी केली त्या सर्व पदवीधर झाल्या. 2011 मध्ये त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले, 2012 मध्ये त्या निवृत्त झाल्या, 2016 मध्ये वारल्या. परंतु ज्या दिवशी त्यांनी पद सोडले त्या दिवशी संघ मोडला नाही. त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि पुढे दीर्घकाळ त्यांच्या साहाय्यक राहिलेल्या हॉली वॉर्लिक त्या जागी आल्या. समिट यांच्या अंगचे गुण वॉर्लिक यांना वारसाहक्काने मिळाले असे नव्हे. वारसाहक्काने मिळाला तो हुद्दा, त्यासाठी केलेली तरतूद, आणि त्या हुद्द्याभोवती साठलेले चार दशकांचे ज्ञान.

नेमके येथेच आमचे पाऊल अडते. गणवेश धुणाऱ्या, पदरमोड करणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी मैदान झाडणाऱ्या प्रशिक्षिका आमच्याकडे नाहीत असे कोण म्हणेल? परंतु समिट यांच्या आयुष्यात जे पहिले पान होते ते आम्ही समग्र चरित्र म्हणून पूजितो. राज्य शासनाने क्रीडामार्गदर्शक स्त्रियांसाठी ठेवलेला पुरस्कार जिजामातेच्या नावाचा आहे. त्या नावाविषयी कोणाही मराठी मनुष्याला पूज्यभावच वाटेल. तथापि प्रशिक्षिकेला माता म्हटले की तिच्याकडून त्यागाची अपेक्षा करणे सोपे जाते, आणि मातेला दरमहा वेतन, साहाय्यक व प्रवासखर्च द्यावयाचा असतो हे विसरणे त्याहून सोपे जाते. गौरवाचे शब्द अनेकदा देणे चुकविण्याची सभ्य रीत असतात.

यावर कोणी म्हणेल की, हुद्दा आला की पैसा येईल, पैशामागून विजयाचा हव्यास येईल, आणि हरणाऱ्या प्रशिक्षकाला वर्षाअखेर नारळ देण्याची ती अमेरिकन रीतही येईल. आक्षेप पोकळ नाही. खुद्द नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक असताना 55 सामने जिंकले आणि 60 हरले. आजच्या मापाने खेळाचा जनकच नालायक ठरला असता. दुसरा धोका याहून गंभीर आहे. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना खेळाच्या समान संधीचा हक्क मिळाला. त्यापूर्वी महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. कायद्यामागून पैसा आला, प्रतिष्ठा आली, आणि स्त्रियांचे ते प्रमाण घसरत निम्म्याच्याही खाली गेले. जोवर काम फुकटचे होते तोवर ते बायकांचे होते. त्याला वेतनश्रेणी लाभताच ते अचानक पुरुषांच्या योग्यतेचे ठरले. हे अमेरिकेत घडले म्हणून आमच्याकडे घडणार नाही असे समजण्यास मला काही आधार दिसत नाही.

परंतु या दोन्ही धोक्यांवरून हुद्दाच नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे जमाखर्चात लबाडी होऊ शकते म्हणून जमाखर्चच न लिहिण्यासारखे आहे. हुद्द्याचा खरा उपयोग मुशाहिऱ्यात नाही, तो सातत्यात आहे. एखादी गुणवती बाई भंडारा, साकोली किंवा पवनीच्या महाविद्यालयात तीस वर्षे खपते, तेवढ्या काळात तिच्या हाताखालून मुलींच्या दहा पिढ्या जातात, आणि ती निवृत्त झाली की दोन पावसाळ्यांत रिंगचे जाळे कुजते व संघाचे नाव स्पर्धेच्या फेरिस्तीतून नाहीसे होते. तिच्या कामात उणीव होती म्हणून असे होत नाही. तिचे काम तिच्या सद्गुणावर चालले होते आणि सद्गुणाला वारस नसतो, म्हणून होते. हुद्द्याला असतो.

तेव्हा मागणी करावयाची ती सत्कारांची नव्हे. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाला प्रत्येक खेळाचा प्रशिक्षक परवडणार नाही हे उघड आहे. परंतु तालुक्यातील महाविद्यालयांना मिळून एक अशी व्यवस्था करता येईल की जीत पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची सनद घेतलेली एक प्रशिक्षिका, तिच्या हाताखाली तिच्याच जुन्या खेळाडूंपैकी एक साहाय्यक, आणि निदान पाच वर्षांची मुदत असेल. ती जागा स्त्रीची म्हणून आजच, म्हणजे तिच्यात पैसा नसतानाच, मुक्रर करून ठेवावी. पैसा आल्यावर ती मागावयास गेलो तर उशीर झालेला असेल. अशा प्रशिक्षिकेचे यशापयश ठरविताना तिच्या संघाने किती ढाली आणल्या हे अवश्य विचारावे. परंतु तिच्यामागून त्या चौकटीत कोण उभी राहिली हे आधी विचारावे, आणि उत्तरादाखल तिच्या एखाद्या विद्यार्थिनीचे नाव पुढे आले तरच तिची कारकीर्द यशस्वी झाली असे समजावे.