देशकाल जाणून तीर्थयात्रा : श्रावण आणि नेपाळ

कोणत्याही पूजेच्या प्रारंभी यजमान हाती उदक घेऊन संकल्प करतो. आपले कर्म सांगण्यापूर्वी तो देश आणि काल यांचा उच्चार करतो. नागपूरचा यजमान गोदावरीच्या उत्तर तीराचा उल्लेख करतो, पुढे संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी व वार सांगतो आणि नंतरच कर्माकडे वळतो. आपण कोठे आहोत व कोणत्या ऋतूत आहोत, याचे भान ठेवूनच कर्म करावे, ही त्यामागील शास्त्रदृष्टी आहे. श्रावणातील संकल्पात वर्षाऋतूचा उच्चार होतो. तो उच्चार पुष्कळदा मुखापुरताच राहतो.

श्रावणी सोमवारी तेलंगखेडीच्या भोसलेकालीन शिवमंदिरात रांगा लागतात. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातील असंख्य भाविक पचमढीच्या नागद्वाराची वाट धरतात. अलीकडे श्रावणात पशुपतिनाथ व मुक्तिनाथाच्या दर्शनास जाण्याचा प्रघातही वाढला आहे. गोरखपूर, सोनौली, लुंबिनी, पोखरा, काठमांडू असा हा प्रवास असतो. सीमा खुली, भाषा समजण्याजोगी, देवही आपलाच. त्यामुळे हा परदेश आहे व हा हिमालय आहे, या दोन्ही गोष्टींचा विसर पडतो.

दि. २३ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे मराठी श्रावणातच, पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीकाठी कोसळली. बसमधील २७ जणांचा अंत झाला. त्यांतील बहुतेक जण जळगाव जिल्ह्यातील वरणगाव-भुसावळ परिसराचे होते. त्यापूर्वी दि. १२ जुलै रोजी, उजाडण्यापूर्वीच्या अंधारात, नारायणगड-मुगलिन मार्गावर दरड कोसळून साठहून अधिक प्रवाशांसह दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. ऑगस्ट १९९८ मध्ये भारताच्याच हद्दीत मालपा येथे दरडीखाली कैलास-मानसरोवराचे साठ यात्रेकरू गेले, त्याचेही स्मरण अनेकांस असेल.

अशा वेळी “देवाच्या दारी मरण आले, भाग्य थोर” असे म्हणण्याची रीत आहे. शोकाकुल कुटुंबास त्यातून धीर मिळत असेल, तर तो त्यांचा अधिकार. मात्र मागे राहिलेल्यांनी त्याचा आधार घेऊन सावधगिरी सोडणे हा धर्म नव्हे. तसेच, त्या मृतांच्या भक्तीत काही उणे होते असा तर्क करणे हे तर पापच होय.

पूर्वसूरींनी चातुर्मास योजला, त्यात यतींनी भ्रमण थांबवून एका स्थानी राहावे असा नियम घातला. जैन साधूंचा चातुर्मास आणि बौद्ध भिक्षूंचा वर्षावास यांचाही हाच ऋतू. यावर कोणी विचारील की, आषाढीची वारी तर पावसातच चालते. खरे आहे; परंतु ती वाट पिढ्यान्‌पिढ्या पायाखालची असते. प्रत्येक दिंडीचा क्रम व मुक्काम ठरलेला असतो आणि वाटेत कोणी थकला तर त्यास सांभाळणारे चार जण सोबत असतात. भाड्याच्या गाडीत, अनोळखी चालकाच्या हाती, रात्रीच्या घाटात ही दिंडी कोठे उरते?

कालाचाही एक भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. नेपाळचा श्रावण सौरमानाचा असून तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. मराठी श्रावण अमान्त चांद्रमानाचा. २०२४ मध्ये जळगावची मंडळी तेथे होती, तेव्हा नेपाळचा श्रावण संपूनही गेला होता. पशुपतिनाथ कोणत्या पंचांगाने प्रसन्न होतो, हा प्रश्न संभवत नाही. म्हणून “याच श्रावणात येईन” असा नवस बोलण्याऐवजी “कार्तिकात येईन” असा बोलावा. दिवाळीनंतर आकाश सहसा स्वच्छ असते आणि पर्वतही दिसतात.

तरीही ज्यांना पावसाळ्यातच जाणे प्राप्त आहे, त्यांनी घाटातील रात्रीचा प्रवास सर्वस्वी वर्ज्य करावा. एक दिवसाचा मुक्काम वाढला तरी चालेल. परतीचा दिवसही ताणून ठरवू नये. सप्टेंबर २०२५ मधील अशांततेत काठमांडूचा विमानतळ बंद राहिला होता. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे, तर नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. तेथे विरळ हवेने डोके दुखू लागले, मळमळ झाली, तर तत्काळ खाली उतरावे. रक्तदाबाची गोळी लपवून ठेवणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक संघात असतातच. त्यांना सुनेने वा मुलाने निघण्यापूर्वीच वैद्यांकडे न्यावे. विमानाने जाणाऱ्यांनी पारपत्र अथवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र जवळ बाळगावे. बहुतेक प्रौढ प्रवाशांस केवळ आधार कार्ड पुरत नाही. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौर येथे आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहिलेला असावा, एकट्या संघप्रमुखाच्या भ्रमणध्वनीत नव्हे.

सर्वांत अवघड असते ते अर्ध्या वाटेवरून परतणे. सोबतचे लोक काय म्हणतील, आणलेले बिल्वपत्र कोठे वाहायचे, अशा विचाराने माणसे पुढे जात राहतात. ते बिल्वपत्र जेथे असाल तेथील शिवालयात वाहावे. घरी सुखरूप परतल्यावर दर्शन झालेले नसले तरी मावंदे घालावे, आणि त्यास बोलावणे आलेल्यांनी संकोच न करता जेवावयास जावे.