क्वचित लागणारी वस्तू

चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरात एक रंगीत प्रिंटर आला. त्याची खरी गरज कोणाला होती, हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी नकाशे हवे होते, पत्नीला माहेरच्या जुन्या फोटोंच्या प्रती हव्या होत्या, आणि मला, म्हणजे चित्रकलेच्या मास्तराला, घरच्या घरी कागदावर रंग उतरताना पाहण्याची हौस होती. दारव्ह्याच्या बाजारपेठेत जाऊन रंगीत प्रत काढून आणायला आमच्या घरापासून दहा मिनिटे लागतात. पण त्या दहा मिनिटांच्या शेवटी दुकानदारापुढे उभे राहावे लागते, 'एवढे जरा काढून द्या हो' असे म्हणावे लागते. ते म्हणणे टळावे, हाच त्या खरेदीमागचा खरा हेतू होता. मात्र हे मला फार उशिरा कळले.

पहिली दिवाळी छान गेली. आम्ही घरचीच शुभेच्छापत्रे छापली आणि आप्तेष्टांना वाटली. मग प्रिंटरवर कापड पडले. हिवाळा गेला, वैशाखातले आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे ऊन येऊन गेले, पावसाळाही सरला. दुसऱ्या दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी देवीचे चित्र काढावे म्हणून मी कापड उचलले, यंत्र सुरू केले आणि कागद बाहेर येण्याची वाट पाहत बसलो. चित्र आले. पण देवीच्या कपाळावरचे कुंकू पिवळे होते आणि हातातले गुलाबी कमळ पांढरेफटक. पत्नी म्हणाली, "अहो, हे काय? कुंकवाच्या जागी हळद?"

मी वर्गात लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग म्हणून शिकवतो. ही यंत्रे मात्र आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांवर चालतात. किरमिजीवर पिवळा पडला की लाल दिसतो. आमची किरमिजी वाळली होती, म्हणून लालातला नुसता पिवळा उरला. यंत्राला स्वतःची सफाई करण्याची सोय असते; ती मी पाच वेळा वापरली. पाचव्या वेळेनंतर कुंकू तर आले नाहीच, उलट आकाशी शाईही संपल्याचा इशारा आला. दुरुस्तीला बोलावलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने झाकण उघडून पाहिले आणि संकोचून म्हणाला, "सर, तुम्ही वापरलाच नाही ना, म्हणून बिघडला."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. वापरून वस्तू झिजते, हे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. जाते झिजते, चपला झिजतात, खडू तर माझ्या बोटांतच संपतो. परंतु न वापरल्याने मोडणारी वस्तू, आणि तीही नेमकी क्वचित वापरणाऱ्यासाठी म्हणून आणलेली! मॅट्रिकच्या पुढे माझी पुस्तकी विद्या गेली नाही. तेव्हा मी त्या मुलाला सगळे नीट समजावून सांगायला लावले. शाईच्या प्रिंटरमध्ये केसाहूनही बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. शाईत पाणी असते. यंत्र पडून राहिले की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळून बसते. ती काढण्यासाठी यंत्र आणखी शाई सोडते, आणि ती कागदावर न जाता आतल्या एका गादीत जिरते. म्हणजे जो कमी छापतो, त्याची शाई छापण्यापेक्षा धुण्यातच अधिक जाते. आठ-पंधरा दिवसांनी एखादे रंगीत पान काढत राहावे, म्हणजे ते सुरळीत राहते, असे तो म्हणाला. मी हिशेब केला: वर्षातून दहा-अकरा पाने लागणाऱ्या माणसाने, ती दहा पाने नीट यावीत म्हणून, आणखी वीस-तीस पाने उगाच छापायची!

मला रविवर्म्याच्या छापखान्याची आठवण झाली. 1894 साली मुंबईत त्याने तो काढला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर गेल्या. तिथे प्रत्येक रंगासाठी निराळा दगड असे. एका चित्राला असे अनेक दगड लागत आणि कागद एकामागून एक सगळ्यांवरून जाई. काम किती कष्टाचे! पण ज्या दगडावर चित्र उतरवले तो जपून ठेवला, तर पुन्हा मागणी येईपर्यंत स्वस्थ बसून राही. त्याला दर पंधरवड्याला कोणी खाऊ घालावे लागत नसे.

1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली. अस्तेयाविषयी लिहिताना, खरी गरज नसताना एखादी वस्तू घेणे हीसुद्धा चोरीच, असा कठोर विचार त्यांनी मांडला. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुढे त्यांचे वास्तव्य झाले, त्यामुळे हा विचार आमच्या कानांवरून पुष्कळदा गेलेला असतो. पण गरज नसणे वेगळे आणि गरज क्वचित असणे वेगळे. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ वर्षातून एकदा लागतो. म्हणून तो घरात ठेवणाऱ्याला चोर म्हणावे काय? तेव्हा क्वचित लागणारी वस्तू घरी ठेवावी की नाही, हा प्रश्न नुसत्या व्रताने सुटत नाही. माझ्यापुरता मी त्याला एक कस लावतो: ती वस्तू आपली वाट पाहू शकते का? गळ वाट पाहतो. जिला वरचेवर खुराक द्यावा लागतो, ती वस्तू आपल्या सेवेला आलेली नसते. आपणच तिच्या सेवेला लागतो.

इथवर विचार आला तेव्हा मी स्वतःवर खूश झालो. पण पत्नीने मला खाली आणले. ती चकल्या पाडत होती. सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाली, "हा तर वाट पाहतो ना? मग ह्याने काय केलं ते आठवा."

त्याची हकीकत अशी. आमच्या गल्लीत पूर्वी एकच चांगला पितळी सोऱ्या होता, चार घरे पलीकडे राहणाऱ्या काकूंचा. दिवाळीच्या आधी तो घरोघरी फिरे, आणि त्याच्याबरोबर काकूही फिरत. भाजणी कशी झाली, मोहन किती घातले, हे बघायला त्या येत आणि तासभर बसत. दरवर्षी मागायला जाणे मला बरे दिसेना. एका वर्षी मी मोठ्या कौतुकाने नवा सोऱ्या आणला. पुढे गल्लीत सगळ्यांनीच आणले. मागच्या वर्षी काकू नवरात्रात पडल्या, त्यांचे कमरेचे हाड मोडले, आणि चार घरांवर राहणाऱ्या आम्हांला ते आठ दिवसांनी कळले. कोणी मुद्दाम संबंध तोडला नव्हता. तो वापरात राहिला नव्हता, एवढेच.

तेव्हा मागणे हे नेहमी चांगलेच, असा कोणी अर्थ काढू नये. लहानपणी माझ्याजवळ रंगाची पेटी नव्हती. शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे मी ती मागत असे. तो देई, पण प्रत्येक वेळी वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात. त्या पेटीतल्या लाल रंगाची चव अजून माझ्या तोंडात आहे. ज्याच्याजवळ परत द्यायला काहीच नसते, त्याला मागण्याने मान खाली घालावी लागते. काकूंकडून सोऱ्या आणताना आमची मान खाली गेली नाही, कारण त्याच वाटेने आमची शिडी आणि आमचा पाटा त्यांच्याकडे जात असे. देण्याघेण्याची वाट दोन्हीकडून चालती असावी लागते. मी मात्र बालपणीचा तो अपमान सोऱ्यावर आणि प्रिंटरवर काढला होता.

ह्या दिवाळीला मुलगी दहावीत आहे, त्यामुळे प्रिंटरचा विषय पुन्हा निघाला. यंदा आम्ही घाई केली नाही. तिने वर्षभराचा हिशेब वहीत मांडला: काळी पाने शंभरावर, रंगीत पाने अकरा. लेसर प्रिंटरमध्ये शाई नसते. बारीक भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर चिकटवतात. भुकटी वाळायचा प्रश्नच नाही. सहा महिने पडून राहिला तरी पहिले पान बहुधा नीट येते. रंगीत लेसर मात्र महाग, जड, आणि फोटोचा नाजूकपणा त्यात कमी. ज्यांना दर आठवड्याला रंगीत लागते, त्यांनी बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर खुशाल घ्यावा. त्यांचे पान स्वस्त पडेल. ज्यांना फक्त फोटोच हवेत, त्यांच्यासाठी रंगाच्या फितीवर चालणारे छोटे यंत्रही मिळते, आणि फीत शाईसारखी वाळत नाही.

आम्ही साधा काळा लेसर घेतला. तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो, म्हणून वीज गेली की त्याला इन्व्हर्टरवर लावायचे नाही, एवढे पथ्य मुलीने भिंतीवर लिहून ठेवले आहे. गल्लीतल्या मुलांनी आपली पाने इथेच काढावीत, असे तिनेच सांगून टाकले. पहिल्याच दिवशी एक मुलगा दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. मी त्याला विचारले, "तुझ्या घरी पतंगाचा मांजा आहे का रे?" तो म्हणाला, "आहे." मी म्हटले, "संक्रांतीला मला लागेल." मग तो आत आला.

रंगीत पाने आम्ही बाजारातून काढून आणतो. ती साठेपर्यंत वहीत नोंद राहते. पाच-सहा झाली की मी आणि मुलगी निघतो. यंदा लक्ष्मीचे चित्रही तिथूनच आणले. कुंकू छान लाल आले आहे. जाताना वाटेत काकूंचे घर लागते. त्या आता काठी घेऊन ओट्यावर बसतात, आणि आमच्या हातातली चित्रे पाहिल्याशिवाय आम्हांला पुढे जाऊ देत नाहीत.