लहर, अडथळा आणि श्रवणाचा अधिकार

रेडिओ स्कॅनर म्हणजे अनेक वारंवारतांवरून एकामागून एक वेगाने फिरणारा आणि जिथे बोलणे चालू असेल तिथे थांबणारा ग्राहक संच होय. तो घरात ठेवला असता बहुधा खरखरच ऐकवतो, परंतु तोच संच छपरावर उभारलेल्या अँटेनाला जोडला की त्याच क्षणी, त्याच वारंवारतेवर स्पष्ट आवाज येऊ लागतो. या साध्या अनुभवातून भारतीय तत्त्वचिंतनाला फार जुन्या काळापासून परिचित असलेला एक प्रश्न उभा राहतो: जे ऐकू येऊ लागले ते नव्याने निर्माण झाले, की आधीपासून तिथे असलेलेच प्रकट झाले, आणि प्रकट झाले असेल, तर प्रकट करणाऱ्यावर त्या श्रवणाचे उत्तरदायित्व येते काय?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारसारख्या गावी हा प्रश्न मोजमापासह मांडता येतो. स्कॅनर ज्या लहरी मुख्यतः ऐकतो, त्या ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या असून बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची वक्रता, पत्र्याचे छप्पर, लोखंडी सळयांचा स्लॅब किंवा जुन्या माळवदाचा पावसात भिजलेला जाड मातीचा थर हे सारे त्यांच्या वाटेत येते. अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमूळाला ४.१२ ने गुणले असता सपाट प्रदेशातील तिचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. म्हणजे ३ मीटर उंचीवरून सुमारे ७ किलोमीटर, तर १२ मीटर उंचीच्या खांबावरून सुमारे १४ किलोमीटर. समोरचा प्रक्षेपकच उंच असेल तर त्याचे क्षितिज यात मिळवले जाते, आणि म्हणूनच १० किलोमीटर उंचीवरील विमानाची लहर ४०० किलोमीटरवरूनही त्या खांबापर्यंत पोहोचू शकते. ती लहर खांब नसतानाही गावावरून जातच होती.

शब्दाच्या स्वरूपाविषयी न्याय आणि मीमांसा या दर्शनांचे अनुयायी, म्हणजे नैयायिक आणि मीमांसक, यांच्यात झालेला दीर्घ वाद इथे आठवणे अपरिहार्य आहे. न्यायमतानुसार शब्द हा आकाशाचा गुण असून तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. एका शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी परंपरा कानापर्यंत येते, आणि ती पाण्यावरील तरंगासारखी येते की कदंबाच्या फुलातील केसरांप्रमाणे सर्व दिशांना एकदम फुटते, याचीही चिकित्सा नैयायिकांनी केली. मीमांसकांच्या मते मात्र शब्द नित्य आहे. उच्चाराच्या प्रयत्नाने तो जन्मत नाही, केवळ अभिव्यक्त होतो, म्हणजे झाकलेला होता तो उघड होतो. यावर नैयायिकांचा आक्षेप मार्मिक होता. शब्द सर्वत्र आणि सदैव असेल, तर एक शब्द प्रकट होताच सगळे शब्द एकाच वेळी का ऐकू येऊ नयेत? मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने याचे उत्तर संस्काराच्या कल्पनेत शोधले: ध्वनी श्रोत्रावर विशिष्ट संस्कार करतो, म्हणजे त्याला विशिष्ट ग्रहणाची पात्रता देतो, आणि ज्या शब्दासाठी तो संस्कार झाला तोच शब्द ऐकू येतो.

रेडिओलहर म्हणजे शब्द नव्हे, ती विद्युतचुंबकीय आहे आणि तिला हवेचीही गरज नाही. त्यामुळे जुन्या शास्त्रकारांना बिनतारी विद्या ठाऊक होती असे म्हणणे हा त्यांच्या विचाराचा अपमानच ठरेल. तरीही त्यांनी मांडलेला पेच इथे जसाच्या तसा उभा आहे. प्रेषकाच्या बाजूने पाहता न्यायमत बरोबर ठरते, कारण लहर कुठेतरी सुरू होते आणि विरून जाते. ग्राहकाच्या बाजूने मात्र मीमांसकांचे उत्तर अधिक खोल जाते. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे दोन मीटर लांबीची असते, आणि तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरची उभी दांडी तिला विशेष अनुकूल असते. दांडीची ती लांबी हा अक्षरशः एक संस्कार आहे. उलट सर्व वारंवारता घेऊ पाहणारी डिस्कोन अँटेना जवळच्या बलवान प्रक्षेपणालाही तितक्याच मोकळेपणाने आत घेते, आणि त्या भाराखाली संच दूरचा क्षीण आवाज हरवून बसतो. श्रवण सुधारणे म्हणजे बऱ्याच अंशी काय ऐकायचे नाही हे ठरवणे होय.

हीच गोष्ट प्रवर्धकाच्या, म्हणजे आलेला संकेत मोठा करणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत दिसते. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा विद्युत गोंगाट संकेतात मिसळला असेल, तर प्रवर्धक दोघांनाही सारखेच वाढवतो आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून जाणकार आधी अँटेना गोंगाटापासून दूर नेतो, चांगली आणि शक्य तितकी आखूड कोॲक्सियल केबल वापरतो, आणि प्रवर्धक लावायचाच तर केबलने संकेत झिजवण्यापूर्वी, म्हणजे खांबावरच लावतो. ज्या तालुक्यात जवळा बाजार आहे, त्याच तालुक्यात २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. तिच्या चार चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक ओळखायचा आहे, आणि तिथला बहुतेक खटाटोप भूमीची कंपने व इतर गोंगाट दूर ठेवण्याचा आहे. या भूमीशी परंपरेने जोडलेली संत नामदेव आणि त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची कथाही इथे दूरची वाटत नाही: विसोबांचे पिंडीवर ठेवलेले पाय नामदेवांनी जिथे उचलून ठेवावे तिथे पिंडच दिसते, तेव्हा नामदेवांना कळते की देव कोठे नाही असे स्थळच नाही. या कथेत बदल घडतो तो पाहणाऱ्यात.

परंतु इथेच उत्तरदायित्वाचा प्रश्न टोकदार होतो. लहर माझ्या छपरावर आपोआप पडली, असा युक्तिवाद ऐकणारा करतो. आणि रस्त्याने जाताना कानावर पडलेल्या शब्दाबाबत तो मान्यही करता येईल. ज्याने खांब उभारला, दांडीची लांबी मोजली आणि वारंवारता निवडली, त्याच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही, कारण मीमांसकांचीच भाषा वापरायची तर अभिव्यक्तीचे निमित्त तो स्वतः झाला आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी कायद्याने असे उपकरण जवळ बाळगण्यालाच परवान्याची अट घातली होती, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृततेची अट ठेवली आहे. तथापि परवाना असला तरी पोलिसांचे किंवा कोणा दोघांचे आपसातले बोलणे ऐकण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. याउलट हौशी रेडिओचालकांचे बोलणे मुळातच उघडे असते, आणि सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारा आवाज तर वाटेतल्या प्रत्येक गावासाठी असतो. जवळा बाजारच्या छपरावर त्यासाठी अर्ध्या मीटरची उभी दांडी पुरते, आणि ती तेवढीच कापणाऱ्याने इतर बऱ्याच लहरींना आपल्यापुरता नकार दिलेला असतो.