भ्यालेल्या लेकराला सोबत

मूल मध्यरात्री दचकून उठते आणि रडत सांगते, ‘अम्मी, मोठा साप आला होता.’ दिवसभराच्या श्रमाने थकलेले आपण उत्तर देतो, ‘काही नाही, झोप मुकाट्याने.’ साप नव्हता हे खरेच. पण भय तर होते! जे भय मुलाला खरे वाटते, ते खोटे ठरवून मोकळे होण्याचा अधिकार आई-वडिलांना आहे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दुःस्वप्नाला क्षुल्लक मानले नाही. ते सैतानाकडून असते असे सांगून त्यांनी त्यावर उपायही शिकवला : अल्लाहचा आश्रय मागावा, डावीकडे 3 वेळा हलकेच थुंकावे, कूस बदलावी आणि ते स्वप्न कोणाला सांगू नये. या शेवटच्या आदेशाचा आधार घेऊन काही पालक मुलाला बोलूच देत नाहीत. परंतु ही हदीस आपल्यापर्यंत कशी पोहोचली, ते पाहा. अबू सलमा (रह.) स्वप्नांच्या भयाने आजारी पडत असत. हजरत अबू कतादा (र.) यांनी आपलीही तीच अवस्था होत असे, हे सांगून त्यांना प्रेषितांची शिकवण ऐकवली. म्हणजे स्वप्नाचा गवगवा करू नये, त्याचे अर्थ लावत बसू नये. भय मात्र विश्वासाच्या माणसापाशी बोलता येते. अजाण बालकाला आश्रय मागता येत नाही. ते आपल्याकडे धावते, कारण त्याच्या वतीने तो आपण मागायचा असतो. हसन आणि हुसैन (र.) यांच्यासाठी प्रेषित (स.) स्वतः असा आश्रय मागत आणि हजरत इब्राहीम (अ.) आपल्या मुलांसाठी हेच करीत, असे सांगत.

सूरह यूसुफमध्ये लहानगे यूसुफ (अ.) आपले स्वप्न वडिलांना सांगतात. ते दुःस्वप्न नव्हते, हे खरे. पण हजरत याकूब (अ.) यांनी ते पोरकट म्हणून झिडकारले नाही. मायेने ऐकून घेतले आणि ते भावांना सांगू नये, एवढे समजावले.

आता दिवसाकडे वळू. ‘जेव, नाहीतर जिन येईल’, ‘झोप, नाहीतर बागुलबुवा नेईल’ ही वाक्ये किती घरांत ऐकू येतात! मुसलमानाने मुसलमानाला घाबरवणे वैध नाही, अशी हदीस आहे. मुलाला काही देण्याचे आमिष दाखवून बोलवावे आणि काहीच देऊ नये, हेही खोटे म्हणून लिहिले जाते, असे प्रेषितांनी एका मातेला बजावले. आपली धमकी तर भयही आहे आणि असत्यही. संध्याकाळी पेरलेले रात्री उगवले, तर दोष कोणाचा?

पेरण्याचाच विषय निघाला आहे, तर परसातल्या वाफ्यापाशी थोडे थांबू. टोमॅटोशेजारी झेंडू लावतात. त्याच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतल्या सूत्रकृमींना आवर घालतात आणि फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग पुष्कळदा टोमॅटोऐवजी झेंडूवर अंडी घालतो. मक्याच्या ताटाला धरून चवळीचा वेल वर चढतो. चवळीच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीला देतात. कीड जगातून नाहीशी होत नाही. रोप एकटे राहत नाही, एवढेच. मात्र झेंडू लावून पाठ फिरवणाऱ्याचे टोमॅटो वाचत नाहीत. अळी लागलेली फुले वेळच्या वेळी खुडावी लागतात.

दुआचेही असेच आहे. इख्लास, फलक आणि नास या सूरह पढून तळहातांवर फुंकर घालावी आणि मुलाच्या अंगावरून हात फिरवावा. प्रेषित (स.) झोपण्यापूर्वी स्वतःसाठी असेच करीत. पण दारातूनच घाईने फुंकून निघून जाऊ नये. मूल शांत होईपर्यंत उशाशी बसावे. सकाळी त्याला वाफ्यात घेऊन जावे, चवळीचे बी त्याच्या हातून लावून घ्यावे. काम करता करता ते आपण होऊन बोलू लागेल. तेव्हा ‘त्या सापाचे पुढे काय व्हावे?’ असे विचारून शेवट त्यालाच बदलू द्यावा. स्वप्ने वारंवार छळत असतील, तर शाळेत कोणी त्रास देते काय, घरातली भांडणे त्याच्या कानी पडतात काय, हे शोधावे आणि डॉक्टरांचा सल्ला घेण्यात संकोच करू नये.

वाचकहो, लेकरे ही अल्लाहची अमानत आहे. त्यांच्या वाटेतले प्रत्येक भय दूर करणे आपल्या हाती नाही. भयाच्या घटकेला त्यांच्याजवळ असणे मात्र आपल्या हाती आहे, आणि जाब विचारला जाईल तो त्याचाच. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.