हेतू नव्हता, तरी

संस्कृतच्या प्राध्यापिका कुमुद पावडे यांच्या वाट्याला कौतुक पुष्कळ आलं. नागपुरातल्या महार कुटुंबात जन्मलेली मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. होते आणि पुढे तेच शिकवते, याचं लोकांना नवल वाटे. त्या नवलात तिची जात आधी दिसे, विद्या मागाहून. ‘अंतःस्फोट’ या १९८१ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. शाळेत संस्कृत शिकवणारे गोखले गुरुजी जुन्या वळणाचे ब्राह्मण. ते आपल्याला शिकवणार नाहीत, अशी या मुलीला धास्ती होती. गुरुजींनी मायेनं शिकवलं. काटे टोचले ते पुढे, विद्यापीठात.

पदवी हाती आली तरी नोकरी मिळेना. मग जातीबाहेर लग्न झालं, सोमकुवर आडनाव जाऊन पावडे आलं, आणि काही महिन्यांत सरकारी महाविद्यालयात नेमणूक झाली. या नेमणुकीचं श्रेय कुमुद सोमकुवरचं नव्हे, कुमुद पावडे या नावाचं, असा निष्कर्ष त्यांनीच काढला.

कुणी म्हणेल, योगायोग असेल. विदर्भातूनच पुढे आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासोबत २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे आठवतो. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या जाहिराती पाहून खासगी कंपन्यांकडे अर्ज पाठवले गेले. शिक्षण तेच, अनुभव तोच. फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जदाराला पुढे बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश भरली. संशोधकांनी जो प्रयोग मुद्दाम रचला, तो कुमुदताईंच्या आयुष्यात आपोआप घडून गेला होता. बाई तीच, पदवी तीच, बदललं ते आडनाव.

नागपुरात आजही संभाषण आडनावाशी येऊन थबकतं. “पूर्ण नाव काय म्हणाले?” मेश्राम, गजभिये, रामटेके असं काही उत्तर आलं की विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न पुष्कळदा बदलतो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर गाव विचारलं जातं, मग वस्ती. उत्तर नागपूर म्हटलं की विचारणारा मनाशी काहीतरी ठरवून मोकळा होतो. “वाटत नाही हो तुमच्याकडे पाहून!” हे शाबासकीच्या सुरात म्हटलं जातं. नव्या डॉक्टरला किंवा इंजिनिअरला कोणत्या कोट्यातून आलात, असं चहा पिता पिता विचारलं जातं. घर भाड्यानं देताना “आम्हाला शाकाहारी लोक हवेत” एवढं म्हटलं की पुरतं. यात शिवी नाही, आवाजही चढलेला नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० च्या सुमारास आपल्या समाजाला रोज सोसाव्या लागणाऱ्या अशाच बारीक आघातांकडे लक्ष वेधलं होतं. एकेक आघात क्षुल्लक दिसतो, पण त्यांची रोजची बेरीज माणसाला झिजवते, हे त्यांचं म्हणणं.

या सगळ्यावर एक उत्तर ठरलेलं असतं: तसा हेतू नव्हता. ते बहुतेकदा खरंही असतं, म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही अपमानाचा गुन्हा ठरवताना हेतुपुरस्सर अपमान झाला का, चारचौघांत झाला का, हे तपासतो. कायद्याला ते भाग आहे. तुरुंगात धाडायचं तर हेतू पाहावाच लागतो. पण जिथे कायदा थांबतो, तिथे नीतीनंही थांबायचं का?

ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, तिथे हा प्रश्न धम्माच्या भाषेत विचारणं योग्य होईल. वरवर पाहता बुद्धाची शिकवण ‘हेतू नव्हता’ म्हणणाऱ्याच्या बाजूची वाटते. चेतना, म्हणजे मनातला संकल्प, हेच कर्म, असं बुद्धानं सांगितलं. संकल्पच नसेल तर कर्म कसलं? पण त्याच परंपरेनं अकुशल कर्माची मुळं तीन मानली: लोभ, द्वेष आणि मोह. मोह म्हणजे न दिसणं, न कळणं. आडनाव ऐकून ज्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, त्याच्या मनात द्वेष नसेलही. पण मोह आहे, आणि धम्म त्याला त्यातून सूट देत नाही.

‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो, जाणून पाप करणाऱ्याला अधिक दोष की नकळत करणाऱ्याला? नागसेन म्हणतो, नकळत करणाऱ्याला. लोखंडाचा तापलेला गोळा ठाऊक असताना धरला तर हात जपून धरला जातो; ठाऊक नसताना धरणारा जास्त भाजतो. उत्तर चकित करणारं आहे आणि या विषयाला नेमकं लागू पडतं. ज्याला आपण दुखावतो हे माहीत आहे, तो कधीतरी थांबू शकतो. ज्याला माहीतच नाही, तो हसतमुखानं तेच पुन्हा करत राहतो. फरक एवढाच की जातीच्या व्यवहारात भाजणारा हात दुसऱ्याचाच असतो, त्यामुळे गोळा फेकणाऱ्याला तो तापलेला असल्याचं कळायला वावच उरत नाही. ते भाजलेल्यानं सांगावं लागतं. सांगितलं की “तुम्ही फार मनाला लावून घेता” हे ऐकावं लागतं.

हा सल्ला धर्माच्या नावानंही दिला जातो. बाण एकदा लागलाच, मग त्यावर कुढून दुसरा बाण स्वतःला कशाला मारून घ्यायचा, हा बुद्धाचा दृष्टांत त्यासाठी पुढे केला जातो. दृष्टांत खोल आहे; पण पहिला बाण लागलाच नाही, असं तो सांगत नाही. वेदना जशी आहे तशी ओळखणं ही तर साधनेची पहिली पायरी. बाबासाहेब याहून पुढे गेले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी दुःखाचा शोध माणसामाणसांतल्या वागणुकीत घेतला. जन्म, जरा आणि मरण एवढ्यावरच दुःख थांबवलं तर अन्यायाला नाव उरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याला नेमकं काय लागलं हे सांगणाऱ्या माणसाला आकसखोर म्हणणं म्हणूनच चूक आहे. तो एक माहिती देतो आहे, जी समोरच्याकडे नाही.

नागपूरच्याच इतिहासात याचा लख्ख दाखला आहे. १९३७ च्या डिसेंबरात इथे अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. अध्यक्षा राजकुमारी अमृत कौर. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आणि हक्कांसाठी झटणाऱ्या, सुधारणेच्या बाजूच्या बायकांची ही संस्था. दलित स्त्रियांनाही बोलावणं होतं. चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी त्यांत होत्या. जेवणाच्या वेळी त्यांची पंगत वेगळी मांडली गेली. पान वाढायला ज्या उभ्या होत्या, त्यांच्यातल्या कितीजणींना आपण कुणाचा अपमान करतो आहोत असं वाटलं असेल? बहुधा कुणालाच नाही. सोय लावली, एवढंच त्यांच्या मनात असावं. स्त्रियांच्या समतेचा विचार करायला जमलेल्या सभेत हे घडलं, हे विशेष.

जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणी यजमानिणींचा हेतू शोधत बसल्या नाहीत. आपल्या बाबतीत काय घडलं हे त्यांनी ओळखलं आणि सभा घेऊन जाहीर निषेध केला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित महिलांची स्वतंत्र अखिल भारतीय परिषद भरली, हजारो बायका आल्या. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीत काम करणाऱ्या बायकांवर देखरेखीला बाईच असावी, असे ठराव तिथे मंजूर झाले.