तुरुंगाची दुरुस्ती

रामदासपेठेतून निघून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे जाऊ लागले, म्हणजे रहाटे कॉलनीच्या चौकाशी नागपूर मध्यवर्ती कारागृहाचा तट लागतो. १८६४ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूभोवती आज सदनिका, रुग्णालये, मेट्रोचे खांब आणि अखंड वाहतूक असे सारे शहर दाटून आलेले आहे. आणि तरीही त्या तटाच्या आत दररोज कोणते काम चालते, ते कोण करतो आणि कोणाच्या हुकुमाने करतो, याविषयी हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या सुशिक्षित नागरिकाला जवळजवळ काहीच ठाऊक नसते. तुरुंग म्हटला की त्याच्या मनात गुन्हा, शिक्षा, फाशी, पलायन अशा नाट्यमय गोष्टी उभ्या राहतात. परंतु जेथे माणसे अहोरात्र दाटीने कोंडलेली असतात, तेथे पाण्याचा नळ फुटतो, शौचकूप तुंबतात, पावसाळ्यात छत गळते, विजेची तार जळते, बराकीच्या दाराची बिजागरी निखळते. आणि हे सारे कोणाला तरी त्याच दिवशी नीट करावे लागते. माझ्या मते तुरुंगसुधारणेचा खरा प्रश्न प्रवचने व समारंभ यांच्यापेक्षा या रोजच्या दुरुस्तीत अधिक गुंतलेला आहे.

कागदोपत्री मोठी बांधकामे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. पण त्या विभागाला पत्र जायचे, अंदाजपत्रक व्हायचे, मंजुरी यायची आणि ठेकेदाराची माणसे दरवाजावर झडती देऊन आत यायची, तोवर तुंबलेली मोरी वाट पाहत नाही. म्हणून नित्याची दुरुस्ती आतच उरकावी लागते, आणि ती उरकणारे हात म्हणजे मोजके पगारी कारागीर, त्यांच्या हाताखाली दिलेली बंद्यांची टोळी आणि त्या टोळीवर नजर ठेवणारा एखादा शिपाई. सश्रम कारावासाची शिक्षा झालेल्या मनुष्याकडून श्रम घेण्याचा अधिकार दंडसंहितेने सरकारला पूर्वापार दिलेला आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने त्या अधिकाराला मर्यादाही घातल्या : दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, वैद्यकीय अधिकाऱ्याने कामकरी बंद्यांची वेळोवेळी तपासणी करावी, आणि निदान पंधरवड्यातून एकदा प्रत्येकाचे वजन करून ते त्याच्या नोंदपत्रावर टिपावे. श्रमाने मनुष्य झिजतो की काय, एवढी चौकशी परकीय सत्तेच्या त्या कलमाने केली. श्रमाने तो काही शिकतो की काय, ही चौकशी करण्याचे त्याला सुचले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातील बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते, म्हणजे जुन्या भाषेत कच्चे कैदी. आणि ज्याचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही त्याच्याकडून सक्तीने काम घेता येत नाही. साऱ्या वास्तूचा, भटारखान्यापासून विहिरीवरच्या पंपापर्यंतचा भार अशा रीतीने थोड्याशा पक्क्या कैद्यांवर पडतो. पहारेकऱ्यांची संख्या अपुरी असली तर तो अधिकच वाढतो. परिणामी ज्याला शासनाने बंधनात ठेवले, त्याच्यावरच शासन अवलंबून राहते. हे अवलंबित्व उघडपणे कबूल केले नाही, तर त्यातून दोन विकृती जन्माला येतात : एक तर बंद्याची वेठ होते, नाहीतर त्याची सत्ता होते.

सत्तेचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. जुन्या कैद्यालाच पहारेकरी, मुकादम, वॉर्डर नेमून त्याच्या हाती इतर कैदी द्यायचे, ही पद्धत इंग्रजी अमदानीत इतकी रूढ झाली की १८९४ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाने अशा कैदी-अंमलदाराला लोकसेवकाचा दर्जाच देऊन टाकला. अंदमानात तेच जमादार, तेच टिंडाल, तेच पेटी ऑफिसर. आणि त्यांच्या हाती सापडलेल्या माणसांचे काय झाले हे ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी ४० वा नियम याच्या नेमका उलट आहे : तुरुंगाच्या सेवेतील कोणत्याही बंद्याला शिस्तीचा अधिकार देऊ नये. मला हा नियम दुरुस्तीच्या कामात विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे अधिकार नकळत पाझरतो. ज्याच्या हाती पाण्याची चावी आहे, त्याच्या मर्जीवर बराकीचे पाणी असते. जो दिव्यांची दुरुस्ती करतो, त्याला कोणत्या कोठडीतला दिवा दोन दिवस बंद राहावा हे ठरवता येते. कसबी बंद्याने नवख्याला रंधा धरायला शिकवावे, त्याचे काम तपासावे, त्याची चूक दाखवावी. हा कारागिरीतला वडीलकीचा मान त्याला अवश्य मिळावा. परंतु चावी फिरवायची केव्हा, कोणाला कामावर घ्यायचे आणि कोणाला काढायचे, हा निर्णय पगारी सेवकानेच घेतला पाहिजे, आणि तो नोंदवहीत लिहिला गेला पाहिजे.

वेठीचा इतिहास याहून लाजिरवाणा आहे, कारण त्याला जातीचे अस्तर होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांतून चालत आलेली जातिनिहाय कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. स्वयंपाक एका जातीने करावा, झाडलोट व मैलासफाई दुसरीने, असा भेद ज्या दस्तऐवजांत शिल्लक होता ते दस्तऐवज स्वतंत्र भारतातील सरकारांनी चालवले होते. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहापासून दीक्षाभूमी फार दूर नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी जेथे जन्मजात हीनतेचा त्याग केला, त्या घटनेनंतर ६८ वर्षे लोटेपर्यंत कायद्याच्या पुस्तकातून ही वाटणी खोडली जाऊ नये, याचे दुःख कोणाही विचारी नागपूरकराला झाले पाहिजे. रकाना खोडल्याने मात्र काम संपत नाही. सफाईच्या टोळीत कोणाची नावे वारंवार लागतात, हे हजेरीपटावरून कोणीतरी दरमहा पाहिले पाहिजे. ज्या कामाला कोणी राजी नसतो ते पाळीपाळीने सर्वांकडे गेले पाहिजे. आणि गटारात माणूस उतरवणे तर मुळातच बंद झाले पाहिजे, मग तो मुक्त असो वा बंदी असो.

मजुरीविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १८६५ ची तेरावी दुरुस्ती गुलामगिरी नष्ट करते, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून तिला वाट मोकळी ठेवते. आपल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदात बिगारीचा निषेध करताना असा अपवाद घातलेला नाही, आणि १९९८ साली गुजरात राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने श्रम करणाऱ्या बंद्याला न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे, तीतून अन्नवस्त्राचा खर्च वळता करता येईल आणि काही भाग गुन्ह्याने पीडित झालेल्यांच्या भरपाईसाठी राखता येईल, असे ठरवले. कारखान्यात विणलेली सतरंजी विकली जाते, म्हणून तिच्या मजुरीची कल्पना सहज पटते. गळके छत बुजवले तर विकायला काहीच उरत नाही, म्हणून ते घरकाम समजले जाते. हा विचार चुकीचा आहे. तेच छत बुजवण्यासाठी ठेकेदाराला किती रक्कम द्यावी लागली असती, हा हिशेब प्रत्येक कामामागे मांडला, तर दुरुस्तीच्या टोळीने सरकारचे किती पैसे वाचवले ते दिसेल, आणि त्या प्रमाणात तिची मजुरी ठरवता येईल. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विसरून गुन्हेगाराचे लाड होतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यालाही उत्तर याच हिशेबात आहे : मजुरी वाढेल तसा पीडिताचा वाटाही वाढेल.

आता हत्यारांचा प्रश्न. ३१ मार्च २०१५ रोजी याच नागपूरच्या कारागृहातून, खिडकीचे गज कापून, पाच कैदी पळाले. गज कापणे हे क्षणात होणारे काम नव्हे. त्याला हत्यार लागते, वेळ लागतो, आवाज होतो, आणि कापलेला गज ठोकून पाहिला तर तो आपल्या नादावरून स्वतःच साक्ष देतो. अशा घटनेनंतर सर्वत्र पहिली प्रतिक्रिया एकच होते : हत्यारे कुलुपात घाला, टोळ्या बंद करा. ज्याने कधी कसलाही अपराध केला नाही अशा रंध्यावर त्यामुळे धूळ बसते आणि जो प्रामाणिकपणे सुतारकाम शिकत होता तो पुन्हा बराकीत रिकामा बसतो. वस्तुतः सुरक्षितता आणि दुरुस्ती यांचे वैर नाही. रोज गज ठोकून पाहणे, कुलपे तपासणे, भिंतीला पडलेली भेग वेळीच भरणे हीच सुरक्षिततेची मुळे आहेत. प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रंगवावी, म्हणजे रिकामी जागा नजरेला खुपते. करवतीचे पाते तुटले तर दोन्ही तुकडे परत आल्याखेरीज नवे देऊ नये. टोळी कामावरून सुटण्यापूर्वी मोजदाद पुरी व्हावी आणि तिच्याखाली कारागिराची व शिपायाची, दोघांची सही असावी. अशी मोजणी म्हणजे बंद्यावरचा अविश्वास, असे काही सहृदय माणसांना वाटते. मला ती बंद्याचे कवच वाटते. हिशेब चोख असेल तर हरवलेल्या कानसीचा संशय जेथे जावा तेथेच जातो. हिशेब नसेल तर साऱ्या टोळीची झडती होते, सर्वांची माफी धोक्यात येते, आणि सर्वांत दुबळा मनुष्य बळी दिला जातो.

या सर्व व्यवस्थेचा आस म्हणजे तो पगारी मिस्त्री. त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून मी थोडे विस्ताराने लिहितो. तो पोलीस नाही, शिक्षकही नाही. त्याला कोणी सलाम ठोकत नाही, आणि नळ गळत राहिला तर बोल मात्र त्यालाच लागतो. ज्याला महिनाभर खपून गवंडीकाम शिकवावे तो एका सकाळी दुसऱ्या कारागृहात रवाना होतो, रजेवर सुटतो किंवा रुग्णालयात जातो, आणि त्याच्या जागी हाती कधी थापी न धरलेला मनुष्य उभा केला जातो. मिस्त्रीला विचारण्याची रीत नाही. शिवाय त्याच्यापुढे सतत एक मोह उभा असतो. चांगले काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून त्याच्यापाशी देण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो कधीतरी दयेपोटी एक बिडी देतो. नियमाने ती निषिद्ध असते, आणि ती घेणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. पुढच्या आठवड्यात तोच मनुष्य बाहेर पोचवायची चिठ्ठी त्याच्या खिशात सरकवतो, आणि नकार दिल्यास बिडीची आठवण देतो. अशा रीतीने पुष्कळ चांगली माणसे लाचेने नव्हे, करुणेने अडकतात. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या हाती चांगल्या कामाची वैध पोच देण्याचे साधन ठेवले पाहिजे. कामाबद्दल मिळणाऱ्या माफीच्या प्रस्तावात मिस्त्रीचा लेखी अभिप्राय अनिवार्य करावा. टोळीतील निवड कौशल्य पाहून, त्याच्या शिफारशीने व्हावी. शिकाऊ मनुष्याला शक्यतो शिकणे पुरे होईपर्यंत हलवू नये. आणि बंद्यांशी कसे वागावे, कोठे थांबावे, याचे रीतसर प्रशिक्षण शिपायाला मिळते तसे यालाही मिळावे.

काम आणि प्रतिष्ठा यांची सांगड घालण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी राजबंद्यांना दळणाचे काम स्वखुशीने अंगावर घ्यायला लावले. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने आणि पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रिडमन या अभियंत्याच्या प्रेरणेने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत वसली, आणि तिच्यावरून पुढे १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला. त्या चित्रपटाने प्रेक्षकांच्या मनात अधीक्षकाची करुणा कायमची ठसवली. ती करुणा मला वंद्य आहे. पण एका असामान्य अधीक्षकावर विसंबून राज्यभरची कारागृहे चालत नाहीत, ती साध्या, थकलेल्या, महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसांना नीट नियम आणि नीट साधने दिल्याने चालतात.

शेवटी सुटकेच्या दिवसाचा प्रश्न उरतो. आठ वर्षे पंप सांभाळलेला मनुष्य बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाती शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र असावे, आणि त्यावर कारागृहाचे नाव नसावे. रामदासपेठेतल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने अशा मिस्त्रीला दारातून परत पाठवले तर त्याची भीती मी समजू शकतो. लहान मुले आणि वृद्ध माणसे राहतात अशा घरांची जबाबदारी त्याच्यावर असते. शासनाची भीती मात्र समजण्यासारखी नाही. त्या मनुष्याने जोडलेल्या तारांखाली शासनाने आपले अधिकारी आणि आपले बंदी वर्षानुवर्षे निर्धास्त झोपू दिले. तेव्हा पहिली नोकरी शासनाने द्यावी, आपल्या रुग्णालयांत द्यावी, आपल्या बांधकाम विभागात द्यावी. सचिवाला उपदेश त्यानंतर करावा.